पाद्रीणबाईंची ब्यूक

मार्च संपत आला होता, पण उत्तरेकडच्या हँकॉक गावात ते फक्त कॅलेंडरला ठाऊक होतं. दिवसा वितळलेलं पाणी रात्रीत गोठून कोस्कीच्या जुन्या गाड्यांच्या आवारात काच अंथरल्यासारखं झालं होतं. कालव्यावरून येणारा वारा कानाचे लचके तोडत होता. हेल्मी रुओना सकाळी सातला आली ती हातात राखेची बादली घेऊनच. शनिवारच्या सौनाच्या, म्हणजे घाम काढायच्या गरम न्हाणीच्या, चुलीतली राख ती अशी जपून आणायची आणि फाटकापासून धुलाईच्या खोलीपर्यंत मुठीमुठीने पेरत जायची. मग बर्फ झाडायच्या लांब ब्रशने एकेका गाडीची पाठ मोकळी करायची. त्या सोमवारी तिने सतरा गाड्या झाडल्या. अठरावीपाशी, पाद्रीणबाईंच्या निळ्या ब्यूकपाशी, ती थांबली. ब्रश बगलेत धरून तिने पुढचं दार उघडलं, डोकं आत घातलं आणि नाकाने हळूच हवा ओढली.

सिगारेट. पुन्हा.

हेल्मीचं नाक म्हणजे काही गंमत नव्हती. लहानपणी बापाच्या गोठ्यात दुधाचे कॅन गाडीवर चढवण्याआधी हुंगायचं काम तिचं होतं. कोणता कॅन नासणार हे ती आदल्या दिवशी सांगायची. बाप वजनकाट्यावर विश्वास ठेवायचा नाही, दूधवाल्या कंपनीवर ठेवायचा नाही, हवामानाच्या बातम्यांवर तर नाहीच. पण पोरीच्या नाकावर डोळे मिटून ठेवायचा. ते नाक आणि तो स्वभाव, दोन्ही तिच्या वाट्याला आले. दुकानातला पाव ती हुंगून घ्यायची. काउंटीचं बर्फ काढायचं यंत्र चालवून नवरा घरी आला की त्याची टोपी हुंगायची. ज्या गाडीत लिंबाचा नाहीतर पाइनचा वास येई, त्या गाडीकडे ती डोळे बारीक करून बघायची. एवढं शिंपडलंय म्हणजे खाली काहीतरी मेलेलं आहे, असं तिचं सरळ गणित होतं.

या नाकाच्या जोरावर ती अठ्ठावन्नाव्या वर्षीही रॉडनी कोस्कीकडे टिकून होती. सिगारेटने मुरलेल्या गाड्या तिच्या हातून जाऊन कोऱ्या व्हायच्या. तिची पद्धत सौनाची होती. काचा आणि प्लास्टिक व्हिनेगरच्या पाण्याने पुसायचे. फडकं चहात बुडवल्यासारखं पिवळं निघायचं, ते पिवळं निघायचं थांबेपर्यंत पुसायचे. सामानाच्या कप्प्यामागची हवेची गाळणी बदलायची. सीटवर खाण्याचा सोडा चोळून रात्रभर ठेवायचा. छताच्या अस्तराला नुसतं ओलसर फडकं लावायचं, कारण जास्त भिजलं तर डिंक सुटतो आणि कापड डोक्यावर लोंबतं. मग धुलाईच्या खोलीतली भट्टी पेटवून गाडीला घाम फुटेस्तोवर तापवायची, दारं उघडून गार करायची, पुसायची, पुन्हा तापवायची. अशा तीन फेऱ्या. माणसाचं अंग असंच साफ होतं, गाडीचं का नाही होणार, असं ती म्हणायची आणि कुणी हसलं तर त्याचा कोट हुंगायची.

पण ही ब्यूक दोनदा धुऊन झाली होती. दोन्ही वेळा खोलीतून बाहेर काढताना तिला नुसता व्हिनेगरचा वास होता, आणि दोन्ही वेळा आवारात दोन दिवस उभी राहिली की आतून कुणीतरी नुकतीच विझवल्यासारखा भपकारा. गेल्या शनिवारी बरागा गावच्या एक शाळामास्तरीण गाडी बघायला आल्या होत्या. दम्याच्या पेशंट. दार उघडून अर्ध्या मिनिटात खोकत बाहेर पडल्या. गाडी आवडलीय, म्हणाल्या, पुढच्या शनिवारी परत येते, तोवर वास गेला तर घेते.

रॉडनीने त्याच संध्याकाळी हेल्मीला ऑफिसात बोलावलं होतं. पोटाने मोठा आणि आवाजाने बारीक असा हा माणूस. त्याने आधी हवापाण्याचं काढलं, मग पुलापलीकडे कुणी एक जण वास घालवायचं ओझोनचं मशीन घेऊन बसलाय त्याचं काढलं. शेवटी टेबलावरच्या स्टेपलरशी बोलत असल्यासारखा म्हणाला, "हेल्मी, तू सिगारेट सोडलीस त्याला किती वर्षं झाली?"

"अकरा."

"नाही, म्हणजे... कुणाकुणाची पुन्हा सुरू होते."

तो उठून दार लावायला गेला आणि जाताना तिच्या कोटाजवळ जरा रेंगाळला. हेल्मीला कळलं. आयुष्यभर लोकांना हुंगणाऱ्या बाईला आज कुणीतरी हुंगलं होतं. शनिवारी गाडीने वास मारला तर धुलाईचं काम मशीनवाल्याकडे जाईल, हे त्याने मग सांगितलंच, पण ते तिने नीट ऐकलंसुद्धा नाही. तिच्या कानाचे शेंडे लाल झाले होते.

म्हणून सोमवारी सकाळी ब्यूकमध्ये डोकं घालून उभी असताना तिच्या मनात एकच प्रश्न होता. कोण?

गाडी पाद्रीणबाईंची, म्हणजे इंपी सारेलांची. नवरा चाळीस वर्षं टेकडीवरच्या जुन्या वळणाच्या चर्चचा पाद्री. त्या चर्चची माणसं घरात टीव्ही ठेवत नाहीत, बायका ओठ रंगवत नाहीत, पत्ते तर लांबच. नवरा गेल्यावर बाई एकट्याच या ब्यूकमधून चर्चला आणि परत एवढंच जायच्या. नजर अधू झाली तशी मुलाने गाडी विकायला काढली आणि कागदावर 'गाडीत कधीही धूम्रपान नाही' असं लिहून सही ठोकली. तो कागद वाचून हेल्मीने मान डोलावली होती. ती एरवी कुठल्याही कागदावर विश्वास ठेवत नसे, पण पाद्रीणबाईंवर संशय घ्यायचा म्हणजे चर्चच्या घंटेवर घ्यायचा. गाडीत पहिल्यांदा वास आला तेव्हाच तिने ठरवून टाकलं होतं की हा मुलाचा नाहीतर गॅरेजवाल्याचा प्रताप असणार. मागची सीट तर अगदी कोरी, पायपुसण्यासुद्धा नव्या. एकट्या बाईची मागची सीट घाण करणार कोण? तिथे तिने नुसता व्हॅक्यूम फिरवला होता.

आता मात्र तिने नव्याने यादी केली. पहिला नंबर गार्थचा. गार्थ हा विक्रीवाला, पाच महिन्यांपूर्वी आलेला, बोलायला लोण्यासारखा. रोज साडेसातला तो सगळ्या गाड्या सुरू करून गरम करायचा. सारखा काहीतरी चघळायचा. दिवसातून आठ वेळा हात धुवायचा, जे हेल्मीने मोजलं होतं. दुसरा नंबर खुद्द रॉडनीचा. तिला काढायचंच असेल आणि कारण हवं असेल तर? एवढा आतल्या गाठीचा तो नव्हता, पण तिने नाव खोडलं नाही.

सोमवार-मंगळवार ब्यूक पुन्हा खोलीत गेली. मंगळवारी दुपारी पाद्रीणबाई स्वतः आल्या. आवाराच्या मागे, कुंपणापलीकडेच, म्हाताऱ्या माणसांसाठी बांधलेल्या खोल्या होत्या, तिथे त्या हल्ली राहायच्या. काळा कोट, टोकाला बर्फासाठी खिळा लावलेली काठी, काखेत कागदात गुंडाळलेला गरम वेलदोड्याचा पाव. हेल्मीने पाव घेतला, सवयीने हुंगला, आणि वेलदोड्याने नाक भरून गेलं.

"विकली का गं माझी गाडी?" बाईंनी विचारलं.

शनिवारी जाईल बहुतेक, हेल्मी म्हणाली. बाईंनी ब्यूकच्या टपावरून हात फिरवला आणि त्या गेल्या. बिचारीला गाडीचा लळा लागलाय, असं हेल्मीला वाटलं. तिने पावाचा एक तुकडा कॉफीत बुडवला आणि पुन्हा गार्थचा विचार करू लागली.

बुधवारी संध्याकाळी ब्यूक बाहेर उभी करायची वेळ आली तेव्हा हेल्मीने सापळा लावला. पुढच्या दोन्ही दारांच्या फटीत पांढरा दोरा अडकवला. ड्रायव्हरच्या पायपुसणीवर चाळणीने मैदा भुरभुरला. ऑफिसातल्या फळ्यावर किल्ली टांगताना तिचा दात कोणत्या बाजूला आहे ते हातावर पेनने लिहून ठेवलं. गुरुवारी गार्थच्या आधी, साडेसहालाच ती हजर झाली. दोरे जागच्या जागी होते. मैद्यावर उंदराचंही पाऊल नव्हतं. किल्लीचा दात डावीकडे तो डावीकडेच.

आणि गाडीत धूर भरलेला.

हेल्मी जरा वेळ गाडीला टेकून उभी राहिली. पहिल्यांदाच तिला स्वतःच्या नाकाची भीती वाटली. नसलेला वास येत असेल तर? अकरा वर्षं दाबून ठेवलेली तलफ आता नाकातून खेळ करत असेल तर? ती खोलीत गेली, व्हिनेगर हुंगलं, कॉफी हुंगली, साबण हुंगला. सगळं आपापल्या जागी होतं. मग ती परत आली, गुडघ्यांवर बसली आणि कुत्र्यासारखी एकेक सीट हुंगत गेली. पुढे कमी. मागे जास्त. मागे उजवीकडे सगळ्यात जास्त. मागच्या सीटच्या पाठीत मधोमध हात टेकायची गादी दुमडून बसवलेली असते, ती तिने तिन्ही वेळा उघडलीच नव्हती. आता पट्टा धरून खाली ओढली. आत पेला ठेवायचा गोल खळगा होता. खळग्यात राख होती. बोट लावलं तर मऊ, ताजी. शेजारी पेपरमिंटच्या गोळीचा चुरगळलेला कागद.

पेपरमिंट म्हटल्यावर ती सरळ गार्थकडेच गेली. तो कॉफी ओतत होता. तिने कागद त्याच्या नाकासमोर धरला.

गार्थने खिशातून आपलं पाकीट काढून टेबलावर ठेवलं. दालचिनीचं च्युइंगगम होतं. पेपरमिंटने माझ्या घशात जळजळतं, म्हणाला, बायकोला विचार. मग त्याचाही आवाज चढला. "पाच महिने झाले, तू माझ्या हाताकडे बघतेस. हात मी धुतो ते माझ्या कातडीला खरूज आहे म्हणून. आणि मला ओढायची असती तर मागे कशाला बसलो असतो? मागे बसून ओढणारा माणूस गाडी चालवायला आलेलाच नाही, एवढं तर कळतं की नाही तुला?"

हेल्मीने माफी मागितली नाही, पण कागद खिशात घातला. आवारात परत जाताना ब्यूकच्या मागच्या उजव्या दाराखाली तिला कडक बर्फात भोकं दिसली. पेन्सिलीएवढी गोल, ओळीने, कुंपणाच्या मोडक्या फळीपर्यंत गेलेली. ही भोकं तिने सोमवारीही पाहिली होती आणि पन्हळीचं पाणी ठिबकलं असेल म्हणून सोडून दिली होती. पण पन्हळ तर तिथून वीस फूट लांब होती.

ती खूप वेळ भोकांकडे बघत राहिली. मग मनातल्या मनात म्हणाली, नाही. असं कसं होईल. नाही.

तरीही शुक्रवारी पहाटे, उजाडायला नुकतं लागलं होतं तेव्हा, ती धुलाईच्या खोलीच्या काचेमागे दिवा न लावता उभी होती. सहाला पाच कमी असताना कुंपणाची फळी बाजूला झाली. काळा कोट, खिळ्याची काठी, टक् टक् टक्. ब्यूकचे दिवे एकदा लुकलुकले, मागचं दार उघडलं, मिटलं. थोड्या वेळाने मागच्या काचेआड एक लाल ठिपका उजळला.

हेल्मी बाहेर आली ती पळतच, राखेवरूनही दोनदा घसरली. पुढचं दार उघडून ती ड्रायव्हरच्या सीटवर बसली आणि मान वळवली.

"दार लाव," पाद्रीणबाई म्हणाल्या. "थंडी येतेय."

हेल्मीने दार लावलं. तिने किल्लीचं विचारलं, कारण तेवढंच विचारता आलं.

"मुलाने एकच किल्ली दिली त्यांना. दुसरी द्यायची मी विसरले."

"विसरलात?"

"हो. मुद्दाम विसरले."

बाईंनी राख खळग्यात झटकली, अगदी सवयीने, बघायचीसुद्धा गरज न लागता. चौदा वर्षं, त्यांनी सांगितलं. दर बुधवारी गायनाचा सराव झाला की टेकडीमागच्या रस्त्यावर गाडी लावायची आणि एक ओढायची, फक्त एक. नवरा होता तेव्हाही. त्याला कळलं होतं की नाही ते त्याचं त्यालाच ठाऊक, पण गाडीत पेपरमिंटच्या गोळ्या तोच आणून ठेवायचा. आता खोलीत धुराची घंटा बसवलीय, खाली बाकावर चर्चच्या दोन बायका सकाळपासून बसलेल्या असतात. मग जायचं कुठे?

"पण मागे का बसता?"

"पुढे बसलं की लोक काच वाजवून विचारतात, कुठे निघालात बाई. मागे बसलं की त्यांना वाटतं, कुणाची तरी वाट बघतायत."

हेल्मीला हसू येत होतं आणि त्याच वेळी संताप. तिने सगळं सांगितलं. रॉडनीने कोट कसा हुंगला, मास्तरीण उद्या येणार आहेत, गाडीने वास मारला तर पंधरा वर्षांचं काम जाईल. बाई ऐकत होत्या. मला हे ठाऊक नव्हतं, असं म्हणाल्या. हेल्मीचा त्यावर लगेच विश्वास बसला नाही, आणि ते तिच्या तोंडावर दिसलं असावं.

"तू विचारलंस का मला?" बाई शांतपणे म्हणाल्या. "मंगळवारी मी तुझ्यासमोर उभी होते. गाडीत ओढताना असतो तोच कोट घातलेला. तू गावाला हुंगलंस हेल्मी, पाव हुंगलास. मला नाही हुंगलंस."

गाडीच्या काचांवर दोघींचा श्वास गोठून जाळी धरत होता. बाईंनी पाकीट पुढे केलं. हेल्मीने एक काढली, नाकाखाली धरली. कोरड्या तंबाखूचा गोडसर, गवताच्या गंजीसारखा वास. अकरा वर्षं. तिने ती परत पाकिटात सरकवली आणि मोकळा हात तसाच पुढे ठेवला.

"किल्ली," ती म्हणाली.

बाईंनी शेवटचा झुरका ओढला, विझवली, आणि किल्ली तिच्या तळहातावर ठेवली. जाताना एवढंच विचारलं की रॉडनीला सांगणार का. हेल्मीने सांगितलं की ते अजून ठरलेलं नाही. ते खरं होतं. नाव सांगितलं असतं तर रॉडनीचा संशय एका क्षणात फिटला असता, आणि दुपारच्या कॉफीपर्यंत ते नाव टेकडीवरच्या चर्चात पोचलं असतं.

त्या दिवशी तिने ब्यूक शेवटची धुतली. मागची गादी पुरती उचकटून काढली. तिच्यामागच्या पोकळीत कॉफीचा एक जुना डबा निघाला, थोटकांनी काठोकाठ भरलेला. खळगा टूथब्रशने घासला. मागच्या सीटचे पट्टे रिळातून पार शेवटपर्यंत ओढले, कारण गुंडाळलेल्या पट्ट्यात धूर वर्षानुवर्षं दबा धरून बसतो, आणि उजव्या पट्ट्यातून अख्खी बादली तपकिरी झाली. भट्टीच्या चार फेऱ्या दिल्या. रात्री गाडी बाहेर काढलीच नाही.

शनिवारी मास्तरीण आल्या तेव्हा रॉडनी आणि गार्थ दोघेही काचेतून बघत होते. हेल्मी स्वतः पुढे झाली. या गाडीत सिगारेट ओढली जात होती, तिने स्पष्ट सांगितलं, कागदावर लिहिलंय ते खरं नाही. काचा बंद करा, हीटर पूर्ण लावा, कॅल्युमेट गावापर्यंत जाऊन या, आणि मगच काय ते ठरवा. मास्तरीण तासाभराने परतल्या. खोकला नव्हता. व्हिनेगरातल्या लोणच्याच्या बरणीत बसल्यासारखं वाटतंय, म्हणाल्या, पण लोणचं मला चालतं. सह्या झाल्या.

रॉडनी नंतर धुलाईच्या खोलीत आला. काय केलंस ते विचारलं.

"दुसरी किल्ली सापडली," हेल्मी म्हणाली आणि ती त्याच्या हातात दिली.

"कुठे?"

"मागच्या सीटवर."

"म्हणजे कुणाकडे होती?"

"ज्याची होती त्याच्याकडे."

रॉडनीने किल्लीकडे बघितलं, मग काचेतून गार्थकडे, मग पुन्हा हेल्मीच्या कोटाकडे. त्याला पाद्रीणबाई आठवणं शक्यच नव्हतं. हेल्मीला ते दिसत होतं, कारण आठवडाभर तीही त्याच डोळ्यांनी बघत आली होती. मशीनवाल्याचं त्याने पुन्हा काढलं नाही. पण दारातून जाताना नाकाने हलकेच हवा ओढली, तेही तिला ऐकू आलं. आता हे चालायचंच.

मंगळवारी दुपारी पाद्रीणबाई पाव घेऊन आल्या. हेल्मीने पाव बाजूला ठेवला आणि आधी त्यांचा कोट हुंगला, बाही, कॉलर, दोन्ही. बाई हात पसरून उभ्या राहिल्या, तपासणीला उभं राहावं तशा. मग हेल्मीने खोलीच्या मागे, व्हिनेगरच्या पिंपाच्या आडोशाला, एक मोडकी खुर्ची नेऊन ठेवली. एकच, तिने बजावलं, आणि कुठल्याही गाडीत नाही, तुमच्या चर्चची शपथ. बाई म्हणाल्या की आमच्या चर्चमध्ये शपथ घेत नाहीत. हेल्मीने त्यावर बराच वेळ त्यांच्याकडे रोखून पाहिलं.

आत एक नवी गाडी येऊन उभी होती, तांबडी, एका दंतवैद्याची. काचेवर कागद चिकटवलेला, 'धूम्रपान नाही'. हेल्मीने कागद वाचला, सोलून काढला आणि बादलीत टाकला. मग मागचं दार उघडून आधी मधली गादी खाली ओढली. आत काही नव्हतं. तरी तिने खळग्यात बोट फिरवून पाहिलं. बाहेरून पिंपामागे काडी ओढल्याचा आवाज आला. हेल्मीने मागचा पट्टा रिळातून शेवटपर्यंत ओढला, तो पुन्हा आत जाऊ नये म्हणून त्याला कपड्यांचा चिमटा लावला, आणि फडकं व्हिनेगरच्या पाण्यात पिळून पुसायला घेतलं.